बिटमॅपच्या छोट्या फंक्शनमधला बदल कसा तपासायचा: ठिबकच्या कंट्रोलरचं उदाहरण घेऊन सविस्तर

बिटमॅप म्हणजे एकेका बिटात एकेक हो-नाही ठेवणारा नकाशा. त्याला हात घालणारं फंक्शन दहा-पंधरा ओळींचं असतं, आणि म्हणूनच त्यातला बदल सगळ्यात घाईने पास होतो. ओळी कमी, नावं ओळखीची, टेस्ट हिरव्या, मग ‘ठीक वाटतंय’ असा शेरा आणि मर्ज. पण फंक्शन जितकं खालच्या थरातलं, तितके त्याच्या भरवशावर बसलेले लोक जास्त. म्हणून ओळी मोजून वेळ ठरवू नका. अशा बारा ओळींना मी स्क्रीनच्या तीनशे ओळींपेक्षा जास्त वेळ देतो आणि तुम्हीही द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

हा लेख मराठवाड्यातल्या कॉलेजांतून निघून फर्मवेअरच्या कामाला लागलेल्या आणि पहिल्यांदाच दुसऱ्याचं कोड तपासायला बसलेल्या मुला-मुलींसाठी आहे. सी भाषा येते, बिटवाइज ऑपरेटर माहीत आहेत, एवढं मी गृहीत धरलं आहे.

उदाहरण

अंबडकडची मोसंबीची बाग घ्या. ठिबकचा एक कंट्रोलर, त्यावर ४० सोलेनॉइड व्हॉल्व्ह. कोणता उघडा आणि कोणता बंद हे ३२ बिटांच्या दोन वर्डमध्ये ठेवलेलं आहे. पहिला वर्ड पूर्ण भरलेला. दुसऱ्यातले खालचे ८ बिट कामाचे, वरचे २४ रिकामे. शेतीची थ्री-फेज वीज पाळीने येते आणि बऱ्याचदा रात्री येते, त्यामुळे व्हॉल्व्ह खरंच उघडला का हे पाहायला बांधावर कोणी उभं नसतं. ज्या भागात २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे चुकीच्या ओळीत रात्रभर गेलेलं पाणी ही किरकोळ गोष्ट नाही.

जुनं फंक्शन एकेक बिट लावत जायचं. नावं मी इथे मराठीत लिहितो, आकड्यामागचा यू म्हणजे सीमधला U:

रेंज_लावा(नकाशा, सुरुवात, लांबी)
　क = सुरुवात ते सुरुवात + लांबी च्या आधीपर्यंत:
　　नकाशा[क / ३२] |= १यू << (क % ३२)

आलेला बदल म्हणतो की एकेक बिट कशाला, अख्खा वर्ड एका झटक्यात लावू:

पहिला = सुरुवात / ३२
शेवट = (सुरुवात + लांबी − १) / ३२
पुढचा_मास्क = ~०यू << (सुरुवात % ३२)
मागचा_मास्क = ~०यू >> (३२ − (सुरुवात + लांबी) % ३२)
जर पहिला == शेवट:
　नकाशा[पहिला] |= पुढचा_मास्क & मागचा_मास्क
नाहीतर:
　नकाशा[पहिला] |= पुढचा_मास्क
　मधले सगळे वर्ड = ~०यू
　नकाशा[शेवट] |= मागचा_मास्क

दिसायला नीटनेटकं आहे. सगळे आकडे बिनचिन्ह, म्हणजे अनसाइन्ड आहेत असं धरा. पुढे वाचण्याआधी दोन मिनिटं थांबून यात काय खटकतं ते स्वतः शोधून बघा.

पायरी १: नवं बाजूला ठेवा, जुनं वाचा

डिफ, म्हणजे जुन्या-नव्या कोडमधला फरक, उघडला की डोळे हिरव्या (नव्या) ओळींवर जातात. ते टाळा. आधी लाल (काढलेल्या) ओळी वाचा आणि जुनं फंक्शन न बोलता कोणकोणती वचनं पाळत होतं ते कागदावर लिहून काढा. वरच्या तीन ओळींच्या लूपची वचनं अशी निघतात: लांबी शून्य असेल तर ते काहीच करत नाही, कारण लूप एकदाही फिरत नाही. मागितलेल्या बिटांखेरीज एकाही बिटाला शिवत नाही. शिफ्ट कायम ० ते ३१ मध्येच राहते.

यातलं एकही वचन कोणी टिपणात लिहिलेलं नसतं. पण वर्षानुवर्षं ते पाळलं गेलं असेल तर बोलावणारं कोड त्याच्यावर विसंबलेलं असतं. नव्या फंक्शनने यातलं काय पाळलं, काय सोडलं, हाच रिव्ह्यूचा गाभा आहे. बाकी सगळ्या पायऱ्या हे शोधायची साधनं आहेत.

पायरी २: बोलावणारे शोधा

ग्रेप मारा, म्हणजे सगळ्या कोडमध्ये नाव शोधा, आणि फंक्शन जिथून जिथून बोलावलं जातं ती प्रत्येक जागा उघडा. प्रश्न दोनच. सुरुवात आणि लांबी हे आकडे येतात कुठून? आणि ते जास्तीत जास्त, कमीत कमी किती असू शकतात?

आपल्या उदाहरणात पाण्याची पाळी ठरवणारं कोड प्रत्येक गटाचा पहिला व्हॉल्व्ह आणि व्हॉल्व्हची संख्या पाठवतं. शेतकऱ्याने मोबाइलवरून एखादा गट रिकामा केला तर संख्या शून्य होते. म्हणजे लांबी शून्य ही कागदी शंका राहिली नाही, ती शेतावर घडणारी गोष्ट आहे. रिव्ह्यूमध्ये ‘असं कधी होणारच नाही’ हे उत्तर मिळालं, तर होणार नाही याची खात्री कोणत्या ओळीत केली आहे ते विचारा. ओळ दाखवता आली नाही तर होणार असंच धरा.

इथेच आणखी एक गोष्ट पाहून घ्या. बागेच्या नकाशावर व्हॉल्व्ह १ पासून मोजलेले असतात, बिट ० पासून. वजा एक नेमका कुठे होतो? तो एकाच ठिकाणी व्हायला हवा. दोन ठिकाणी झाला तर शेजारची ओळ भिजते.

पायरी ३: पेन्सिल घ्या आणि काठावरचे आकडे चालवून बघा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि तीच सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते. कोड ‘डोक्यात’ चालवू नका. डोकं मधले आकडे घेतं आणि मधल्या आकड्यांवर सगळं बरोबरच येतं.

आधी एक साधं घ्या, हात बसावा म्हणून. सुरुवात ३०, लांबी १०. पहिला = ०, शेवट = ३९ / ३२ = १. पुढच्या मास्कमधून बिट ३० आणि ३१ मिळतात. मागच्यासाठी ४० % ३२ = ८, म्हणून २४ ने शिफ्ट, म्हणजे खालचे ८ बिट. दोन अधिक आठ, दहा. बरोबर.

आता काठ. वर्डच्या सीमेला नेमकं संपणारं काहीतरी घ्या: सुरुवात २४, लांबी ८. बेरीज ३२, ३२ % ३२ = ०, म्हणून शिफ्ट ३२ − ० = ३२. इथे थांबायचं. ३२ बिटांची संख्या ३२ ने शिफ्ट करणं सी भाषेत अव्याख्यित आहे. म्हणजे उत्तर काय यावं हे भाषेने ठरवलेलंच नाही.

प्रत्यक्षात काय होतं ते नीट समजून घ्या, कारण असले दोष मागे का राहतात याचं उत्तर तिथे आहे. तुमच्या लॅपटॉपचा प्रोसेसर एक्स८६ असेल तर तो ३२ बिटांच्या शिफ्टमध्ये संख्येचे खालचे पाचच बिट बघतो. ३२ चे खालचे पाच बिट शून्य, म्हणून तो शिफ्टच करत नाही. मास्क पूर्ण एकांचा राहतो आणि २४ ते ३१ हे बिट बिनचूक लागतात. टेस्ट हिरवी. आता तेच कोड कंट्रोलरवरच्या कॉर्टेक्स-एम जातीच्या एआरएम चिपवर घ्या. तिथली रजिस्टरवरून होणारी शिफ्ट खालचे आठ बिट बघते, आणि शिफ्ट ३२ किंवा जास्त असेल तर उत्तर सरळ शून्य येतं. मागचा मास्क शून्य, अँड शून्य, एकही बिट लागत नाही. पंप सुरू झाला, व्हॉल्व्ह मात्र एकही उघडला नाही, दाब पाइपांवर. लॅपटॉपवर नुसती टेस्ट कितीही वेळा चालवली तरी हे सापडणार नाही.

कंपायलरचाही यात हात असतो. अव्याख्यित गोष्ट कधी घडणारच नाही, असं तो धरून चालतो आणि त्यावर पुढचं कोड छाटतो. त्यामुळे ‘आमच्या बोर्डवर चालतंय’ हे उत्तर आजच्या कंपायलरपुरतं आणि आजच्या ऑप्टिमायझेशनच्या पातळीपुरतंच खरं असतं.

यावर उपाय लिनक्स कर्नलमध्ये पूर्वीपासून आहे. तिथे शेवटच्या वर्डचा मास्क काढताना वर्डच्या बिटसंख्येतून वजाबाकी करत नाहीत. संख्या उणे करून तिचा (वर्डचे बिट − १) शी अँड घेतात. आपल्याकडे ते असं होईल:

मागचा_मास्क = ~०यू >> (−(सुरुवात + लांबी) & ३१)

४० घातले तर शिफ्ट २४, ३२ घातले तर शिफ्ट ०, १ घातला तर शिफ्ट ३१. तिन्ही हाताने करून पाहा. ही ओळ पहिल्यांदा वाचताना कोड्यासारखी वाटते, म्हणून शेजारी एका वाक्याची टीप असलीच पाहिजे, असा आग्रह मी धरतो.

पण उपाय सुचवला म्हणजे काम संपलं नाही. आता लांबी शून्य चालवा, तीही दोन वेगवेगळ्या सुरुवातींवर.

सुरुवात ०, लांबी ०. शेवट = (० + ० − १) / ३२. बिनचिन्ह आकड्यात शून्यातून एक वजा केला की ४२९४९६७२९५ येतात, भागाकार १३४२१७७२७. म्हणजे मधले वर्ड भरणारा लूप सगळी मेमरी एकांनी भरत सुटतो आणि कंट्रोलर तिथेच आडवा होतो. निदान हे दिसतं तरी.

दुसरी जोडी जास्त वाईट. सुरुवात ३२, लांबी ०. पहिला = १, शेवट = ३१ / ३२ = ०. दोन्ही वेगळे, म्हणून कोड ‘नाहीतर’मध्ये शिरतं. पुढचा मास्क ३२ % ३२ = ० ने शिफ्ट, म्हणजे पूर्ण एकांचा; दुसरा वर्ड पूर्ण भरला. मागचा मास्क, आत्ताच सुचवलेल्या दुरुस्तीनंतर, पूर्ण एकांचा. पहिला वर्डही भरला. शेतकऱ्याने गट रिकामा केला आणि बदल्यात सगळेच्या सगळे ४० व्हॉल्व्ह उघडले. क्रॅश नाही, एररही नाही. आणि गंमत बघा, सुरुवात ८ आणि लांबी ० घेतली तर उत्तर बरोबर येतं, काहीच लागत नाही. म्हणजे शून्य लांबीची टेस्ट लिहिणाऱ्याने ८ निवडला असता तर तो निर्धास्त झाला असता.

म्हणून फंक्शनच्या पहिल्याच ओळीला, कोणतंही गणित होण्याआधी, लांबी शून्य असेल तर परत जा.

काठाचे आकडे कोणते घ्यायचे याची माझी ठरलेली जंत्री अशी: ०, १, ३१, ३२, ३३, एकूण बिट वजा एक, आणि एकूण बिट. सुरुवातीला, लांबीला आणि दोघांच्या बेरजेला, तिन्हींना ते लावून बघायचे. वर्ड ६४ बिटांचा असेल तर ६३, ६४, ६५.

पायरी ४: चिन्ह आणि प्रकार

या बदलात शून्याला यू लावलेला आहे, त्यामुळे इथे दोष नाही. पण तो डोळ्यांनी तपासायची सवय लावून घ्या. यू नसता तर ~० म्हणजे उणे एक झाला असता, आणि नेहमीचे कंपायलर उणे संख्या उजवीकडे सरकवताना डावीकडून १ हाच बिट भरत जातात. मास्क कधी लहान झालाच नसता. तसंच ६४ बिटांच्या वर्डसाठी १ ला यूएलएल न लावता ४० ने शिफ्ट केलं, तर तो १ साधा इंटच राहतो आणि पुन्हा अव्याख्यित.

सुरुवात हा आर्ग्युमेंट चिन्हासहित इंट असेल तर तेही विचारा. सी भाषेत −१ % ३२ चं उत्तर −१ येतं, ३१ नाही. उणे शिफ्टही अव्याख्यितच.

भागाकाराच्या जागी कोणी हाताने >> ५ लिहिलं असेल तर मी ते परत / ३२ करायला सांगतो. बिनचिन्ह संख्येसाठी कंपायलर तो बदल स्वतःच करतो, आणि वाचणाऱ्याला ३२ दिसलेला बरा.

पायरी ५: शेपटीतले रिकामे बिट कोणाच्या मालकीचे?

दुसऱ्या वर्डमधल्या वरच्या २४ बिटांना व्हॉल्व्ह नाहीत. ते शून्यच असतील का? लिनक्स कर्नलच्या बिटमॅपचा नियम स्पष्ट आहे: शेवटच्या अर्धवट वर्डमधले न वापरलेले बिट काहीही असू शकतात, ते शून्य ठेवायची खटपट कोणी करत नाही. मात्र हो-नाही किंवा संख्या परत देणारी फंक्शनं, म्हणजे ‘रिकामा आहे का’ किंवा ‘किती बिट लागलेत’ ही, उत्तर देताना ते बिट गाळून टाकतात.

तुमच्या कोडमध्ये यातला कोणता नियम आहे? शेपूट नेहमी शून्य, की शेपटीकडे बघायचंच नाही? दोन्ही चालतात. अर्धी फंक्शनं एका नियमाने आणि अर्धी दुसऱ्या नियमाने, हे मात्र चालत नाही. सुरुवात ३८, लांबी ५ अशी चुकीची मागणी आली तर ४० ते ४२ हे बिट शेपटीत लागतील. मग मोजणारं फंक्शन गाळणी लावत नसेल तर सगळे खरे व्हॉल्व्ह बंद झाल्यावरही ‘तीन उघडे’ म्हणत राहील आणि त्या भरवशावर पंप चालू राहील. रिव्ह्यूमध्ये मागायचं ते एवढंच: नियम फंक्शनच्या डोक्यावर टीप म्हणून लिहा, आणि सुरुवात अधिक लांबी एकूण बिटांच्या पलीकडे जाणार नाही याची तपासणी कुठे होते ते ठरवा.

पायरी ६: मध्येच कोणी घुसलं तर

|= ही दिसायला एक क्रिया, पण आतून तीन: वाच, बदल, लिही. वाचणं आणि लिहिणं यांच्यामध्ये टायमरचा इंटरप्ट आला आणि त्याने त्याच वर्डमधला एक बिट खाली केला, तर परत आल्यावर आपण जुनीच किंमत लिहून तो व्हॉल्व्ह पुन्हा उघडतो. जुन्या कोडमध्ये हा धोका होताच. म्हणून या बदलावर दोष ठेवू नका, पण बोलावणारा इंटरप्ट बंद करून येतो का ते बघा आणि येत नसेल तर वेगळा शेरा लिहा.

उलटी चूकही होते. जुनं फंक्शन आतून इंटरप्ट-सुरक्षित ‘एक बिट लाव’ वापरत असेल आणि नवं सरळ |= करत असेल, तर एक वचन चुपचाप गळालं. लिनक्समध्ये ‘सेट बिट’ हे अणुक्रियेचं (अ‍ॅटॉमिक) आहे, म्हणजे त्याच्या मध्ये कोणी घुसू शकत नाही; नावाच्या सुरुवातीला दोन अंडरस्कोर असलेलं तसं नाही, आणि सलग बिट लावणारं ‘बिटमॅप सेट’ही तसं नाही. दोन अंडरस्कोरचा फरक डिफमध्ये सहज नजरेतून सुटतो.

पायरी ७: टेस्ट मागा, आणि नेमकी मागा

‘टेस्ट वाढवा’ असा शेरा निरुपयोगी आहे. इथे तर अंदाजाने केस निवडायची गरजच नाही. जुनं हळू फंक्शन टाकून देऊ नका. ते टेस्टच्या फाइलमध्ये न्या आणि साक्षीदार म्हणून ठेवा. सुरुवात ० ते ४०, प्रत्येक सुरुवातीला बसतील तेवढ्या सगळ्या लांबी. एकूण ८६१ जोड्या होतात. प्रत्येक जोडी जुन्याला आणि नव्याला द्या, दोन्ही नकाशे तंतोतंत जुळले पाहिजेत. पापणी लवायच्या आत होतं.

पण ४० बिटांत फक्त दोन वर्ड आहेत, म्हणजे मधले वर्ड भरणारी ओळ एकदाही चालणार नाही. म्हणून टेस्टमध्ये नकाशा ९६ बिटांचा घ्या: तीन वर्ड, ४७५३ जोड्या. नकाशाच्या दोन्ही बाजूंना एकेक जादा वर्ड ठेवून त्यात ओळखीचा आकडा भरा, आणि प्रत्येक जोडीनंतर तो जागेवर आहे का बघा. हद्द ओलांडली की लगेच कळतं. बिट खाली करणारं फंक्शन तपासत असाल तर नकाशा आधी पूर्ण एकांनी भरा, नाहीतर जास्तीचे बिट खाली झालेले दिसणारच नाहीत.

लॅपटॉपवर ही टेस्ट जीसीसी किंवा क्लँग कंपायलरच्या अनडिफाइन्ड-बिहेवियर सॅनिटायझरसह बांधा. ३२ ची शिफ्ट एक्स८६वर ‘बरोबर’ उत्तर देत असली तरी सॅनिटायझर ती पकडून ओळ क्रमांकासह दाखवतो. त्यानंतर तीच टेस्ट प्रत्यक्ष बोर्डवर, ज्या ऑप्टिमायझेशनने फर्मवेअर बाहेर जातं त्याच ऑप्टिमायझेशनने. दोन्हीपैकी एकावर भागवू नका.

वेग आणि बाइटचा क्रम, थोडक्यात

‘वेगवान केलं’ असं कमिटच्या संदेशात असेल तर किती, कुठे मोजलं, ते विचारा. ४० बिटांच्या नकाशावर जुना लूप जास्तीत जास्त ४० वेळा फिरतो, आणि व्हॉल्व्ह उघडायला लागणाऱ्या वेळापुढे तो काहीच नाही. हजारो बिटांचे नकाशे असतील तर गोष्ट वेगळी. मोजमाप नसेल तर ‘हा बदल नको, जुनंच राहू द्या’ असं म्हणायचा रिव्ह्यू करणाऱ्याला पूर्ण हक्क आहे.

नकाशा बाहेर जात असेल, मॉडबसवर (कंट्रोलरांमधल्या संदेशांची ठरलेली पद्धत) किंवा ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणारी मेमरी), तर वर्डचा पॉइंटर बाइटचा करून थेट पाठवलेला नाही ना ते बघा. मॉडबसमध्ये कॉइल, म्हणजे एकेका बिटाच्या किंमती, बाइटच्या खालच्या बिटापासून भरतात; रजिस्टर, म्हणजे १६ बिटांची किंमत, मात्र वरचा बाइट आधी पाठवतं. रूपांतर एका वेगळ्या फंक्शनमध्ये, उघड उघड झालेलं असावं.

शेरा कसा लिहायचा

आपल्याकडे अडचण बऱ्याचदा गणिताची नसते, लिहिण्याची असते. बदल सरांचा, तपासणारा नवखा. मग दोष दिसूनही तो गप्प बसतो, किंवा ‘सर, एकदा बघून घ्या ना’ एवढंच लिहितो, ज्यातून सरांनाही काही कळत नाही. आकडा लिहा. आकड्यात उद्धटपणा नसतो:

‘सर, सुरुवात ३२ आणि लांबी ० आली तर शेवट ० निघतो आणि दोन्ही वर्ड पूर्ण भरतात. रिकाम्या गटासाठी पाळीचं कोड हेच आकडे पाठवू शकतं. पहिल्या ओळीला लांबी शून्यची तपासणी टाकावी का?’

यात नेमके आकडे आहेत, ते कुठून येतात ते आहे, आणि सुचवलेला उपाय आहे. उलट बाजूने, ज्येष्ठ असाल आणि नवख्याचं कोड तपासत असाल तर ‘हे ३२ कामून वजा केलंस?’ असं तोंडी विचारलं तर चालतं, लेखी मात्र तेवढंच ठेवू नका. कागदावर त्याचा सूर कळत नाही, आणि पोरगं दिवसभर घाबरून बसतं. ‘बेरीज ३२ झाली की शिफ्ट किती होते, एकदा काढून बघ’ असं लिहा. तो स्वतः काढेल आणि पुढच्या वेळी न सांगता काढेल.

जे बदललंच पाहिजे आणि जे फक्त तुम्हाला आवडलं असतं, ते वेगळं लिहा. शून्य लांबी आणि ३२ ची शिफ्ट हे पहिल्यात. व्हेरिएबलचं नाव दुसऱ्यात.

दुसरी आवृत्ती आली की

फक्त तुमच्या शेऱ्यांवर काय केलं एवढंच बघू नका. पूर्ण फंक्शन पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचा आणि पायरी ३ मधली पेन्सिल पुन्हा चालवा. शिफ्टची दुरुस्ती केल्यामुळेच एआरएमवर शून्य लांबीला पहिला वर्डही भरला जात होता, हे वर आपण पाहिलंच. एक दुरुस्ती दुसऱ्या दोषाची वाट मोकळी करू शकते. ४७५३ जोड्या सॅनिटायझरखाली आणि बोर्डवर पास झाल्या, शेपटीचा नियम टिपेत आला, बोलावणाऱ्यांची यादी कमिटच्या संदेशात आली, की मंजुरी द्या. मंजुरी देताना तुम्ही काय काय तपासलं तेही दोन ओळींत लिहा, म्हणजे पुढच्या वर्षी हे फंक्शन पुन्हा बदलायला घेणाऱ्याला त्याची जुनी वचनं शोधत बसावं लागणार नाही.